साडेदहाची साल्तेन्या

वर्गात पाऊल न टाकता उच्च शिक्षण घेता येतं, हे मी एकशे बारा पानांत सिद्ध केलं आहे. ते सिद्ध करण्यासाठी मला विद्यापीठात चौदा वेळा जावं लागलं, ही गोष्ट मात्र त्या एकशे बारा पानांत नाही. संशोधकाने सगळंच सांगायचं नसतं.

आमच्या कोचाबांबा शहरात माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे त्याच्याशी भांडण उकरून काढणं. वकील दिसला की तो ‘डॉक्टर’, मग त्याला स्वतःचा ताप कळत नसला तरी चालतो. नळ दुरुस्त करणारा ‘मास्तर’, कोणतीही वडीलधारी बाई ‘दोन्या’. आमचे शेजारी कामार्गो टेलिफोन खात्यात तीस वर्षं खांबांवर चढउतार करून निवृत्त झाले, ते ‘इंजिनियर’. आणि विद्यापीठाची पदवी घेतलेला माणूस म्हणजे ‘लिसेन्सियादो’. मी, एदिल्बेर्तो आरिस्पे, जिल्हा शिक्षण कार्यालयात दप्तरखान्याचा प्रमुख आहे. टाय लावतो, फाइल काखेत धरतो, सावकाश बोलतो. त्यामुळे गेली सव्वीस वर्षं भाजीवालीपासून पाद्र्यापर्यंत सगळे मला लिसेन्सियादो म्हणतात. टेबलावरच्या पितळी पाटीवरही तसंच कोरलेलं आहे. अडचण एवढीच, की माझ्याकडे पदवी नाही. सगळे विषय सुटले होते, फक्त प्रबंध राहिला होता. तो पुढच्या वर्षी करायचा होता, आणि पुढचं वर्ष ही फार लबाड चीज आहे.

मला लिसेन्सियादो न म्हणणारी व्यक्ती गल्लीत एकच, ती माझी आई. वय त्र्याऐंशी. ती मला एदी म्हणते, आणि पाहुण्यांसमोर मुद्दाम दोनदा म्हणते. सव्वीस वर्षांपूर्वी तिने दिवाणखान्याच्या भिंतीत स्वतःच्या हाताने एक खिळा ठोकला, माझी पदवी टांगायला. पदवी आली नाही, पण खिळा रिकामा बरा दिसत नाही म्हणून तिने त्यावर कोंबडीखाद्याच्या दुकानाचं कॅलेंडर लावलं, तात्पुरतं. तेव्हापासून दर जानेवारीत त्या भिंतीवर नवी कोंबडी येते. मी एकदा तो खिळा काढायला पक्कड घेऊन गेलो, तर आई म्हणाली, खिळा तुझ्या बापाने नाही, मी ठोकलाय. विषय तिथेच संपला.

हे सगळं असंच सुखाने चाललं असतं. पण गेल्या मार्चमध्ये वरच्या कार्यालयातून परिपत्रक आलं. ज्यांनी नावामागे पदवी लावली आहे त्यांनी वर्षअखेरपर्यंत दाखल्याची प्रत जोडावी, न जोडल्यास पदवी पाटीवरून काढून टाकण्यात येईल. त्या परिपत्रकाच्या एकशे ऐंशी प्रती काढून सगळ्यांना वाटायचं काम माझ्याच दप्तरखान्याकडे होतं. आपल्याच गळ्याचा दोर एकशे ऐंशी प्रतींत वाटणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल तर माझ्याकडे बघा.

त्याच महिन्यात विद्यापीठाने जुन्या अर्धवट विद्यार्थ्यांसाठी खास योजना काढली. संपूर्ण ऑनलाइन, घरबसल्या, एकदाही वर्गात न येता. मी ती जाहिरात वाचली आणि मला वाटलं की जग शेवटी माझ्या बाजूने वळलं.

पहिली पायरी होती खिडकी क्रमांक चारवर समक्ष हजर राहणं. तिथे पिवळ्या फोल्डरमध्ये अर्ज द्यायचा. मी पिवळा फोल्डर नेला, तर त्याची पत्र्याची पट्टी उजवीकडे होती आणि त्यांना डावीकडे हवी होती. दुसऱ्या खेपेला पट्टी बरोबर आली, पण फोटोची पार्श्वभूमी लाल होती. ऑनलाइनवाल्यांची निळी लागते, का ते कोणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी मला एक छापील नमुना दिला. ‘मी विद्यापीठात समक्ष येऊ शकत नाही’ असं प्रतिज्ञापत्र. ते नोटरीकडून करून आणायचं आणि समक्ष येऊन द्यायचं. मी म्हणालो, बाई, मी समक्ष येऊन हे दिलं तर ते खोटं ठरेल. बाई म्हणाल्या, लिसेन्सियादो, आत्तापर्यंत साडेतीनशे जणांनी दिलंय, एकाचंही खोटं ठरलेलं नाही. मी मुकाट्याने नोटरीकडे गेलो.

प्रबंधाचा विषयही मी मोठ्या हुशारीने निवडला. ‘उच्च शिक्षणात वर्गाला पर्याय म्हणून ऑनलाइन शिक्षण’. ज्याचं खातो त्याचं गुणगान केलं तर कोण नापास करेल, असा माझा हिशेब होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग कॉम्प्युटर आणला. आमच्याकडे घरात नवी वस्तू आली की तिच्या चार कोपऱ्यांवर मक्याच्या दारूचे चार थेंब शिंपडून भूमातेला, म्हणजे पाचामामाला, तिचा वाटा द्यावा लागतो. न दिल्यास ती वस्तू टिकत नाही. हा मान वडीलधाऱ्याचा म्हणून इंजिनियर कामार्गोंना बोलावलं. इंजिनियरांचा थेंब हा टेलिफोन खात्याचा थेंब, म्हणजे अर्धा पेला. तीन कोपरे निभावले. चौथ्या कोपऱ्यात आवाजाची जाळी होती. तेव्हापासून माझ्या कॉम्प्युटरमधून बोलणारा प्रत्येक माणूस पाण्याखालून बोलतो. इंजिनियर म्हणाले की भूमातेने वाटा जरा जास्त घेतला, म्हणजे पदवी नक्की. मी त्यांना काही बोललो नाही, कारण त्या पेल्यातली उरलेली मीच प्यायलो होतो.

नंतर इंटरनेट. आमच्या घरात ते एकाच जागी नीट पोचतं, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, बरोबर आईच्या खिळ्याखाली. खुर्ची एक हात सरकवली की पडद्यावरच्या मास्तरांचं तोंड अर्धवट उघडं राहून थिजायचं. त्यामुळे आठ महिने मी प्रत्येक तासाला त्याच जागी बसलो आणि आठ महिने माझ्या डोक्यावर एक पांढरी कोंबडी बसली. निरनिराळ्या गावच्या चाळीस विद्यार्थ्यांत मला नावाने कोणी ओळखत नव्हतं, पण कोंबडीवाले लिसेन्सियादो म्हटलं की सगळ्यांना कळायचं. मी आईला म्हणालो, निदान तासापुरतं कॅलेंडर उतरव. आई म्हणाली, पदवी वर चढेल तेव्हा कोंबडी खाली उतरेल.

त्या आठ महिन्यांत मी काय शिकलो ते विचारू नका. सोमवारी मास्तरांचा आवाज यायचा आणि चेहरा नसायचा, बुधवारी चेहरा यायचा आणि आवाज नसायचा. दोन्ही एकत्र आले की बाहेर गॅसची गाडी यायची. गॅसवाला सिलेंडरवर लोखंडी पाना बडवत गल्लीतून फिरतो, आणि ज्या घरात शिक्षण चालू आहे त्या घरासमोर तो थांबतोच. तरी मी प्रबंध लिहिला. पान चौऱ्याहत्तरवर मी असंही लिहिलं की ‘शिक्षणाचा लाभ होण्यासाठी शारीरिक उपस्थिती ही आवश्यक अट नाही’. लिहिताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता. ते पान लक्षात ठेवा.

शेवटी तोंडी परीक्षेची तारीख लागली. गुरुवार, सकाळी साडेदहा, ऑनलाइन, तीन परीक्षक. मी प्रबंधाच्या छापील, निळ्या कापडी बांधणीच्या तीन प्रती समक्ष नेऊन दिल्या. ती माझी चौदावी खेप. घरी येऊन टाय सैल केला, तेवढ्यात माझी बायको नेल्वा म्हणाली, “परीक्षकांना खायला काय देणार आहेस?”

मी खुर्चीत बसलो. एवढं सगळं करून मुख्य गोष्टच डोक्यातून निसटली होती.

नियमपुस्तकात हे कुठेही लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे उमेदवाराने परीक्षकांना खायला घातल्याशिवाय प्रबंधाची परीक्षा होत नाही. टेबलावर स्वच्छ पांढरं कापड, त्यावर साल्तेन्या, शेजारी थंड पेय. ही लाच नव्हे. ज्या ज्ञानी माणसांनी आपली एकशे बारा पानं वाचली, किंवा वाचली असं म्हटलं, त्यांचा तो मान आहे. आणि साडेदहा म्हणजे तर ऐन साल्तेन्याची वेळ. भाजलेल्या गोडसर पारीत मांस, बटाटा आणि तोंड पोळेल इतका गरम रस्सा. उभी धरायची, टोक चावायचं, आधी रस्सा ओढायचा, मग खायची. एक थेंब जरी शर्टावर सांडला तरी माणूस परगावचा समजला जातो. दुपारी बारानंतर ती कोणी खात नाही आणि कोणी विकतही नाही. म्हणजे तिन्ही परीक्षक त्या दिवशी न्याहारी न करता बसणार, हे उघड होतं. प्रश्न एवढाच, की पडद्यातून साल्तेन्या पोचवायची कशी.

गल्लीत ही बातमी अर्ध्या तासात पसरली. खाटिक म्हणाला, परीक्षा संपल्यावर सगळ्यांना जेवायला बोलाव. औषधवाला म्हणाला, खाण्याचा फोटो पाठव, हल्ली चालतं. नेल्वाचं म्हणणं, सरळ प्रत्येकाच्या घरी एक डबा पाठवावा. कोपऱ्यावरच्या साल्तेन्यावाल्या दोन्या कासिल्दांनी पहिल्या घाण्यातले चार डबे बाजूला ठेवायचं कबूल केलं, तीन परीक्षकांचे आणि एक घरचा. प्रत्येक डबा बारांचा, सहा तिखट आणि सहा बिनतिखट. डबे पोचवायला इंजिनियर कामार्गो आपली जुनी जीप घेऊन पुढे आले. तीस वर्षं या शहराच्या तारा ओढल्या आहेत, मला कोणाचं घर सापडत नाही असं होईल का, असं ते म्हणाले.

परीक्षकांपैकी प्राध्यापिका उस्तारिस आणि प्राध्यापक पेरेदो यांनी आपले पत्ते नीट दिले. मंडळाचे अध्यक्ष होते डॉक्टर झेनोन इराओला, योजनेची नियमावली ज्यांनी स्वतः लिहिली ते. त्यांनी निरोप पाठवला, ‘पूर्वी सिनेमा थिएटर होतं त्याच्या समोर, काळं गेट.’ आमच्याकडे पत्ते असेच देतात. घरांना क्रमांक आहेत, पण ते नगरपालिकेच्या समाधानासाठी. माणसं सांगतात ती पूर्वी जे होतं त्यावरून. पूर्वी वडाची बाग होती तिथून वळा, पूर्वी बेकरी होती तिथे विचारा. शहरात जे उरलेलं नाही त्याच्याच आधारावर आम्ही एकमेकांना शोधतो आणि सापडतोही. मी निरोप इंजिनियरांना वाचून दाखवला. ते म्हणाले, कळलं, कळलं.

आता लक्षात येतं की कोचाबांबात थिएटरं दोन बंद पडली. एक इंजिनियरांच्या तरुणपणी आणि एक डॉक्टर इराओलांच्या तरुणपणी. दोन्ही थिएटरांमध्ये सतरा वर्षांचं आणि अकरा चौकांचं अंतर आहे.

गुरुवारी मी साडेनऊलाच कोट घालून कोंबडीखाली बसलो. नियमाप्रमाणे उमेदवार खोलीत एकटा हवा, म्हणून आई आणि नेल्वा स्वयंपाकघरात, मधलं दार बंद. साडेदहाला तिघं परीक्षक पडद्यावर उगवले. प्राध्यापिका उस्तारिस, मागे पुस्तकं. प्राध्यापक पेरेदो, मागे पडदा. आणि मधोमध डॉक्टर इराओला, भुवया जाड, मागे काहीच नाही. मी बोलायला सुरुवात केली. चौथ्या मिनिटाला पेरेदोंच्या घराची घंटा वाजली, ते उठून गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी आदर होता. सहाव्या मिनिटाला उस्तारिसबाईंची घंटा वाजली. मी मनातल्या मनात इंजिनियरांना दंडवत घातला आणि प्रकरण दोनकडे वळलो.

पेरेदो आधी पडद्याच्या कडेला झुकून खात होते. मग त्यांना वाटलं असावं की घरच्या घरी कसली लाज, आणि ते सरळ कॅमेऱ्यासमोर आले. उभी धरली, टोक चावलं, रस्सा ओढला. मायक्रोफोन बंद करायला ते विसरले होते, त्यामुळे तो आवाज, पाण्याखालून का होईना, आम्हा सगळ्यांपर्यंत पोचला. बाईंनीही मग संकोच सोडला. डॉक्टर इराओलांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे पाहिलं, आणि मग मागे वळून स्वतःच्या दाराकडे पाहिलं. घंटा वाजत नव्हती.

अकरा वाजता त्यांनी पहिला प्रश्न विचारला. सोपा होता. सव्वाअकराला त्यांनी माझ्या तक्त्यातली चूक काढली. पेरेदोंनी दुसरी साल्तेन्या उचलली तेव्हा त्यांनी माझ्या संदर्भसूचीला हात घातला. बाई बोटं पुसत ‘तिखट छान आहे’ असं म्हणाल्या, तेव्हा तर त्यांनी मला माझ्याच प्रबंधातल्या एका शब्दाची व्याख्या विचारली आणि ती मला येईना. बाहेर गॅसवाला आला. मी घामाने भिजलो होतो, आणि डोक्यावर ती कोंबडी शांतपणे बसली होती. माझा फोन थरथरला. इंजिनियरांचा निरोप होता की तिन्ही डबे पोचले, काळ्या गेटातल्या बाई फार चांगल्या, आमचा वाढदिवस कसा कळला असं विचारत होत्या.

मला दरदरून घाम फुटला असं म्हणावं, तर तो आधीच फुटलेला होता.

डॉक्टर इराओलांनी चष्मा काढला. प्रबंधाची निळी प्रत उघडली.

“पान चौऱ्याहत्तर,” ते म्हणाले. “‘शिक्षणाचा लाभ होण्यासाठी शारीरिक उपस्थिती ही आवश्यक अट नाही.’ हे तुमचं वाक्य आहे?”

“हो, डॉक्टर.”

“मी इथे तासभर उपस्थित आहे. माझ्यासमोर माझे दोन सहकारी लाभ घेत आहेत. मी ते बघतोय, ऐकतोय. नोंदीही केल्या आहेत. आता मला सांगा, मला नेमका काय लाभ झाला?”

पेरेदोंनी चावायचं थांबवलं. मला बरीच उत्तरं सुचत होती, आणि ती सगळी पान चौऱ्याहत्तरवरची होती. समोर एक उपाशी म्हातारा माणूस बसला होता, ज्याने माझ्या मानासाठी न्याहारी केली नव्हती, आणि त्याचा मान वाढदिवसवाल्या बाई खात होत्या. मला लाज वाटली. आणि आठ महिने कोणाला सांगितलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं.

“तुम्हाला जे मिळालं तेच मला मिळालं, डॉक्टर,” मी म्हणालो. “आठ महिने मला सगळं दिसलं. पोटात काही गेलं नाही.”

सव्वीस वर्षं, चौदा खेपा, तीन निळ्या प्रती, आणि मी एका वाक्यात सगळ्यावर पाणी ओतलं होतं. दाराच्या फटीतून माझ्या आईला हे ऐकू गेलं असणार, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

डॉक्टर इराओलांनी चष्मा परत लावला. तांत्रिक कारणास्तव वीस मिनिटं विश्रांती, असं ते म्हणाले आणि पडद्यावर त्यांची रिकामी खुर्ची उरली.

सतराव्या मिनिटाला आमचं दार वाजलं. दारात डॉक्टर इराओला उभे होते, पडद्यावर दिसतात त्यापेक्षा दोन वीत बुटके. अर्जावरचा माझा पत्ता त्यांनी वाचला होता, आणि आमचं घर त्यांच्यापासून सातच चौकांवर निघालं. मी थिएटरांचा घोटाळा सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले की बारा वाजायला वीस मिनिटं आहेत, आधी मुद्द्याचं बोला. मी त्यांना आत घेतलं. पण दिवाणखान्यात पाऊल ठेवताच ते थबकले. कलम चौदाप्रमाणे ऑनलाइन परीक्षेत परीक्षक आणि उमेदवार एका खोलीत असता कामा नयेत. मी म्हणालो, डॉक्टर, नियम तुम्हीच लिहिलाय. ते म्हणाले, म्हणूनच मोडता येत नाही.

तेव्हा परीक्षेचा उत्तरार्ध असा झाला. मंडळाचे अध्यक्ष स्वयंपाकघरात, आईच्या शेजारी, समोर घरचा डबा आणि हातात स्वतःचा फोन. उमेदवार दिवाणखान्यात कोंबडीखाली. मध्ये बंद दार आणि चार पावलांचं अंतर. त्यांनी प्रश्न विचारला की तो आधी दारातून यायचा, खणखणीत आणि थोडा तोंड भरलेला. मग चार सेकंदांनी तोच प्रश्न कॉम्प्युटरमधून पाण्याखालून यायचा. नियमाप्रमाणे पडद्यावरून आलेल्या प्रश्नालाच उत्तर द्यायचं असतं, म्हणून मी गप्प बसून त्याची वाट बघायचो. त्या चार सेकंदांत मला विचार करायला वेळ मिळायचा, आणि ऑनलाइन शिक्षणाचा हा एक फायदा मी आजही प्रामाणिकपणे मान्य करतो. एकदा तर दारातून आलेल्या प्रश्नाचं उत्तर आईनेच तिथल्या तिथे देऊन टाकलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं की दोन्या, तुमचं बरोबर आहे, पण ते त्याला सांगू द्या.

मग परीक्षकांनी आपसात ठरवायची वेळ आली. उमेदवाराने ते ऐकायचं नसतं, म्हणून मला पडद्यावरून बाहेर काढलं, आणि दारातून ऐकू येत होतं म्हणून घरातूनही बाहेर काढलं. मी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी कोट घालून उभा राहिलो. भिंतीपलीकडून इंजिनियरांनी डोकं वर काढून विचारलं की लिसेन्सियादो, झाली का पदवी? मी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. ते म्हणाले, थिएटर म्हणजे थिएटर, त्या दुसऱ्याला मी थिएटर मानतच नाही. मग डोकं खाली गेलं.

बऱ्याच वेळाने नेल्वाने मला आत बोलावलं. मी खुर्चीत बसलो, पडदा उजळला, आणि दारातून व मग पाण्याखालून, दोनदा, मला ऐकू आलं की उमेदवार उत्तीर्ण. अट एक, शीर्षकातला ‘पर्याय’ काढून ‘जोड’ घालावं आणि पान चौऱ्याहत्तर पुन्हा लिहावं. कारण उमेदवाराने दिलेलं तोंडी उत्तर लेखी प्रबंधापेक्षा जास्त खरं आहे. मी डोकं टेबलावर टेकवलं. कोणी पाहत होतं की नाही याची मी पर्वा केली नाही. डॉक्टर इराओला जाताना म्हणाले की तुमच्या मातोश्री कडक परीक्षक आहेत, आणि शर्टावर एकही थेंब न सांडता निघून गेले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दोन महिन्यांनी पदवी आली, ती फोनवर आली.

एक फाइल. उघडली तर माझं नाव, विद्यापीठाचं चिन्ह आणि कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन. योजना संपूर्ण ऑनलाइन, म्हणून पदवीही ऑनलाइन, असं पत्रात लिहिलं होतं. मी तिची छापील प्रत काढून कार्यालयात नेली. आस्थापना विभागातल्या माणसाने ती उजेडात धरली, उलटी केली, बोटाला थुंकी लावून सही चोळून पाहिली. शाई फिसकटत नाही, म्हणजे सही खरी नाही, असं त्याने ठरवलं. आता माझं प्रकरण विचाराधीन आहे आणि पाटीवरच्या पदवीवर कोणीतरी कागदाची पट्टी चिकटवली आहे. परिपत्रकाप्रमाणे.

ते मी सोसलं असतं. पण संध्याकाळी घरी आलो तर आई खिळ्याखाली खुर्ची लावून बसलेली. “आली म्हणे तुझी पदवी,” ती म्हणाली. “कुठाय?”

मी फोन तिच्या डोळ्यांपुढे धरला. तिने पाहिलं. फोन उलटा करून पाठ पाहिली. मग वर खिळ्याकडे पाहिलं. मी छापील प्रत पुढे केली आणि चौकट करून आणतो म्हणालो. तिने विचारलं, यावर कोणी हाताने काही लिहिलंय का. मी म्हणालो, नाही आई, हल्ली नसतं तसं. या बाईला मी सव्वीस वर्षं पुढचं वर्ष देत आलो होतो, आणि शेवटी दिलं काय, तर जे खिळ्यावर टांगताही येत नाही ते.

आई उठली. मेणबत्त्यांच्या खणातून तिने एक पुठ्ठा काढला. दोन्या कासिल्दांच्या डब्याचं झाकण होतं. एका बाजूला छापलेलं, सहा तिखट, सहा बिनतिखट. दुसऱ्या बाजूला निळ्या शाईत, जाड भुवयांच्या माणसाला शोभेल अशा अक्षरात लिहिलेलं होतं: ‘एदिल्बेर्तो आरिस्पे आज माझ्या समक्ष उत्तीर्ण झाला. त्याच्या आईच्या सांगण्यावरून हे लिहून दिलं. झेनोन इराओला, अध्यक्ष.’ आणि सहीवर, शिक्का असावा तिथे, तिखट रश्श्याचा एक गोल डाग.

नेल्वाने मग मला सांगितलं. मी अंगणात उभा होतो तेव्हा आईने डॉक्टरांना विचारलं होतं की पदवी कशी येणार. ते म्हणाले, फोनवर. तेव्हा आईने साल्तेन्याचा डबा त्यांच्या पुढून ओढून घेतला होता. “लिहून द्या, डॉक्टर,” ती म्हणाली होती. “माझा मुलगा मला सव्वीस वर्षं तोंडी सांगतोय.”

मी म्हणालो, आई, याला तेल लागलंय, हे भिंतीवर लावलं तर लोक हसतील. ती खुर्चीवर चढू लागली. मी तिचा दंड धरला, नेल्वाने खुर्ची धरली. तिने कॅलेंडर उतरवून माझ्या हातात दिलं, झाकणाला दोरा ओवला आणि ते खिळ्यावर टांगलं. एकदा डावीकडे सरकवलं, एकदा उजवीकडे. मग खाली उतरून, मागे जाऊन, चष्मा लावून तिने ते पूर्ण वाचलं, डागासकट.

“लिसेन्सियादो,” ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. “ती कोंबडी स्वयंपाकघरात लाव. आणि हात धू, जेवायला बसायचंय.”

मी कोंबडी घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि बराच वेळ खिळा शोधत राहिलो.